सहीपूर्वीची खाडाखोड

परमेश्वराला स्मरून लिहून ठेवतो की, मी एडमंड हॅझलडीन, वय वर्षे चौसष्ट, धंदा वकिली व जमीनदारी, राहणार चर्चगल्ली, केल्व्हर्टन, श्रॉपशायर परगणा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने करीत आहे. माझ्या पायांत गुडघ्यापर्यंत पाणी भरले आहे, परंतु ते डोक्यात गेलेले नाही. सकाळी पोर्टचा एक पेला घेतला. त्याला नशापाणी म्हणणारा माणूस या गावात अजून जन्मायचा आहे. डॉक्टर म्हणतात, यंदा सफरचंदांचा मोहर मी पाहीन, फळ पाहणार नाही. म्हणून आज गुरुवार, ता. १३ मार्च १७८८ रोजी लिहायला बसलो आहे. सही परवा, शनिवारी सकाळी अकरानंतर करीन. शनिवारच का, ते कलम चारमध्ये येईल.

छत्तीस वर्षे मी लोकांची मृत्युपत्रे लिहिली आणि वाचून दाखवली. नातेवाईक काळे कपडे घालून दिवाणखान्यात ओळीने बसतात, तेव्हा त्यांचे चेहरे नीट पाहायला फक्त वकिलाला सवड असते. माझ्या वेळी ते चेहरे मला पाहता येणार नाहीत, याचे मला मरण्यापेक्षा जास्त वाईट वाटते.

कलम १. मला चर्चच्या दक्षिण अंगाला पुरावे. उत्तरेला टोबायस क्रंप वकिलाने स्वतःसाठी जागा धरून ठेवली आहे. त्याच्या दारावरची पितळी पाटी माझ्या पाटीपेक्षा दोन बोटे रुंद आहे, हे मी अठरा वर्षे सोसले. मेल्यावर त्याचा शेजार सोसणार नाही. त्याला माझा चष्मा द्यावा, म्हणजे एखादे खरेदीखत तो कोर्टात बोलण्याआधी वाचील.

कलम २. चर्चगल्लीतील राहते घर, चर्चमधील आमच्या घराचा बाक, हॉलिनची एकशेवीस एकर जमीन कुरणासकट, आणि शिल्लक जी काही असेल ती, हे सर्व माझी पत्नी डॉर्कस हिने, ती माझी विधवा राहील तोवर, उपभोगावे. तिने पुन्हा लग्न केल्यास त्याच दिवशी सर्व मिळकत माझा पुतण्या हंफ्री याच्याकडे जावी. हंफ्रीला गव्हाची आणि बार्लीची ओंबी वेगळी ओळखता येत नाही. त्याच्या हाती हॉलिन गेले तर तीन वर्षांत तिथे गोखरू उगवतील, हे मला दिसते आहे. तरी चालेल. गोखरू उगवलेले चालतील. पण माझ्या ताटावर, माझ्या बाकावर, माझ्या उशीच्या शेजारी दुसरा कोणी आलेला चालणार नाही. डॉर्कस एक्कावन्न वर्षांची आहे, दात शाबूत आहेत, आणि हसली की अजून चाळिशीची दिसते. दुसरा कोणी म्हणजे कोण, ते मी लिहिणार नाही. कायदेशीर कागदात संशयावरून नाव घेऊ नये, असे मी पक्षकारांना नेहमी सांगतो. त्याचे नाव गाइल्स ऑरेल.

कलम ३. माझे सासरे, पाणगिरणीवाले रूबेन टॅपली, यांच्या थडग्यावर नुसती लाकडी फळी आहे. तिथे चांगला दगड बसवावा. मी त्यांच्या तोंडून एकदा एक शब्द वदवला, त्याची ही भरपाई. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

सन १७५७च्या जूनमध्ये डॉर्कस आणि गाइल्स ऑरेल यांची नावे चर्चमध्ये दोन रविवार पुकारून झाली होती. तिसऱ्यांदा पुकारली की लग्नाला मोकळे. गाइल्स तेव्हा नुकताच घड्याळजी झाला होता. कुरळे केस, लांब बोटे, खिशात फुटकी कवडी नाही आणि चेहऱ्यावर मात्र राजाचा आनंद. मी तेहतीस वर्षांचा, टक्कल पडू लागलेले, आणि डॉर्कसला गिरणीच्या दारात एकदा पाहून झोप उडालेला. शनिवारी मी रूबेनकडे गेलो. म्हणालो, "अहो, पोरगी घड्याळजीला देऊन काय वेळ मोजत बसवणार आहात? ती एकवीसची व्हायला चार महिने आहेत. तोवर कायद्याने ती अज्ञान. बापाने भर चर्चमध्ये हरकत घेतली की लग्न थांबलंच." ते म्हणाले, "नेमकं काय म्हणायचं?" मी त्यांच्याकडून पंचवीस वेळा घोकून घेतले.

दुसऱ्या दिवशी पाद्र्याने "कोणाची हरकत?" असे विचारताच रूबेन उभे राहिले आणि गरजले, "माझी हरकत आहे. माझी मुलगी अज्ञान आहे." अख्खे चर्च हसले. वीस वर्षांची पोर गिरणीचा सगळा कारभार चालवायची, गावातल्या निम्म्या लोकांना उलट हिशोब शिकवायची, ती अज्ञान! डॉर्कसचे कान लाल झालेले मी मागच्या बाकावरून पाहिले. लग्न मोडले. नोव्हेंबरात ती माझी झाली.

कलम ४. दिवाणखान्यातले उभे घड्याळ, चंद्राच्या कलांची तबकडी असलेले. हे गाइल्सने स्वतःच्या संसारासाठी केले होते. लग्न मोडल्यावर त्याने ते विकायला काढले आणि मी घेतले. घेतले ते वेळ पाहायला नव्हे. लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी मी त्याला निरोप धाडला की, ऑरेलने दर शनिवारी अकराला येऊन माझ्या घड्याळाला किल्ली द्यावी. किल्ली आमची स्वयंपाकीणसुद्धा देऊ शकली असती. पण मला त्याला मागच्या दाराने आत आलेला, हातात टोपी घेऊन माझ्या गालिच्यावर उभा राहिलेला पाहायचा होता. आपण काय गमावले हे त्याने आठवड्यातून एकदा डोळे भरून पाहावे, इतकाच माझा हेतू होता.

तो आला. दर शनिवारी आला. तीस वर्षे आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कारण दुसऱ्या वर्षापासून दिवाणखान्यातून डॉर्कसचे हसणे ऐकू येऊ लागले. माझ्याशी ती बोलते, माझी काळजी घेते, पण तसे हसत नाही. मी खटले जिंकले, हॉलिन घेतले, चर्चमध्ये मोठ्या जमीनदारांच्या मागचा बाक मिळवला. पण त्या पाव तासात आत काय चालते ते मला जिंकता आले नाही. त्याचे येणे बंद करावे म्हटले तर, वकील घाबरला, असे त्याला वाटले असते. म्हणून मी दर शनिवारी अकराला कामाचा कागद हातात धरून दाराआड उभा राहतो. मी त्याच्या बोटांवर जळतो, त्याच्या केसांवर जळतो. ते पांढरे झाले पण गळाले नाहीत, यावर तर फार जळतो.

तरी हे घड्याळ मी गाइल्स ऑरेल याला देतो.

वाचणाऱ्याने इथे माझ्या मनाचा मोठेपणा म्हणू नये. कायदा असा आहे की, जो मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काडीही मिळत नाही. आमच्या गावचा कसाई प्रिचर्ड हौसेने आईच्या मृत्युपत्रावर साक्षीला बसला आणि दोन गाईंना मुकला. गाव अजून त्याला चिडवते. जमिनीच्या मृत्युपत्राला साक्षीदार तीन लागतात. तिसरा साक्षीदार मी गाइल्सला करणार आहे. शनिवारी किल्ली देऊन झाली की त्याला सही करायला सांगेन, तो करील, कारण आपल्याला यात काही असेल असे त्याच्या स्वप्नातही नसणार. माझ्या पश्चात दिवाणखान्यात हे वाचले जाईल. "घड्याळ गाइल्स ऑरेल याला" असे ऐकून त्याचा चेहरा उजळेल. मग खाली साक्षीदारांची नावे वाचली जातील.

कलम ५. माझा कारकून सायमन लव्हेट पहिला साक्षीदार असल्याने त्याला मी काही ठेवीत नाही. कायद्याची पुस्तके आजच त्याच्या हातात दिली आहेत. त्याने अक्षर सुधारावे.

शुक्रवार, ता. १४. हे कलम नव्हे. पण घडले ते लिहिल्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत.

माझ्या टेबलाच्या डाव्या हाताला नकलेचे तबक असते. लिहून वाळलेला कागद त्यात टाकायचा. डॉर्कस येऊन तो उचलते आणि सुवाच्य नक्कल करते. लव्हेटचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून बावीस वर्षे ही रीत आहे. काल हे कागद लिहून झाल्यावर पेटीत ठेवून कुलूप लावायचे, असे मी ठरवले होते. हाताने मात्र बावीस वर्षांच्या सवयीने ते तबकात टाकले. मी जेवलो, खुर्चीत डोळा लागला. जागा झालो तेव्हा तबक रिकामे होते.

आज सकाळी डॉर्कस मूळ कागद आणि नक्कल घेऊन आली आणि समोर बसली. पडताळ्याला आम्ही असेच बसतो: मी मूळ कागद मोठ्याने वाचायचा, तिने नकलेवर बोट फिरवत ऐकायचे.

"वाचा," ती म्हणाली.

"डॉर्कस, हा कागद नकलेसाठी नव्हता."

"तबकात होता. तबकातलं सगळं नकलेसाठी असतं, हे तुम्हीच त्या लव्हेटवर ओरडून सांगता. वाचा."

मी वाचू लागलो. कोर्टात माझा आवाज कधी कापला नाही, तो दुसऱ्या कलमाला बसला.

"ऐकू आलं नाही. 'डॉर्कस हिने', पुढं?"

"ती माझी विधवा राहील तोवर."

"बरोबर." तिचे बोट पुढे सरकले नाही. "ही ओळ मी किती बायकांसाठी उतरवली असेल हो? पन्नास? दर वेळी मनाशी म्हणायचे, आमचं माणूस संशयी आहे, कुरकुरं आहे, पण माझ्या नावापुढं हे लिहायचं नाही. लिहिलंत. अक्षर मात्र सुरेख काढलंय."

मी पान उलटले. तिसरे कलम वाचले. वाचताना वर पाहिले नाही. संपल्यावर ती म्हणाली, "यात मला नवं काहीच नाही."

"कोणी सांगितलं? तुझ्या बाबांनी?"

"बाबांनी कशाला? बाबा आपल्या मनानं बोलले असते तर 'पोरगी लहान आहे' म्हणाले असते. 'अज्ञान' हा शब्द आमच्या गिरणीत कधी पाऊल टाकायला आला नव्हता. तो कानावर पडला तशी मी मागं वळून पाहिलं. सगळे हसत होते. तुम्ही एकटे ओठ हलवत होतात, बाबांच्या बरोबरीनं. शिकवलेलं पोर अडखळतंय की काय, म्हणून मास्तर हलवतो तसे."

तीस वर्षे मी हे लपवून ठेवले होते.

"आणि तरी तू माझ्याशी लग्न केलंस?"

"चार महिने मिळाले होते ना विचार करायला. गाइल्स चार महिने वाट पाहत बसला. वाट पाहण्यात तो फार हुशार आहे. तुम्ही मात्र रोज काहीतरी निमित्त काढून गिरणीवर हजर. एकदा तर दळायला म्हणून पीठच घेऊन आलात." इथे ती हसली. जसे शनिवारी हसते तसे. "ऑक्टोबरात मी सज्ञान झाले. त्या दिवशी मी गाइल्सचा हात धरून निघाले असते तर बाबांना अडवता आलं नसतं आणि तुम्हालाही नाही. सज्ञान होऊन मी काय निवडलं, ते तीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवतंय आणि मीठ कमी म्हणतंय."

माझ्या तोंडून निघून गेले, "मग शनिवारी हसतेस कशाला?"

"तुमच्या बुटाला. दाराखालून त्याचं टोक दिसतं. गाइल्स विचारतो, 'बूट आला का?' मी म्हणते, 'आला.' एवढंच." मग ती गंभीर झाली. "तीस वर्षांत मी त्या माणसाला एकदाही बस म्हटलं नाही, हे दाराआडून दिसलं का तुम्हाला? पाय दुखतात त्याचे. खुर्ची पुढं केली तर तुम्हाला काय वाटेल, म्हणून नाही केली. आता चौथं कलम मी उतरवलंय, एक शब्द गाळलेला नाही. त्याचा चेहरा उजळेल आणि मग पडेल, तो पाहायला तुम्ही नसणार. मी असणार, पहिल्या खुर्चीत. हे तुम्ही मला ठेवून चाललात, हॅझलडीन. घर नाही, हॉलिन नाही. हे."

नक्कल टेबलावर ठेवून ती गेली. दिवसभर मी हे कागद पुढे घेऊन बसलो. मला पश्चात्ताप झाला असे लिहायला हात वळत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मला अजूनही त्याचा हेवा वाटतो, आता तर जास्तच, कारण त्या बुटाच्या विनोदात तीस वर्षे मी होतो आणि मला माहीत नव्हते. पण दुपारी मी लेखणी बुडवली आणि दुसऱ्या कलमातल्या त्या शब्दांवर रेघ ओढली. मग हंफ्रीवर ओढली.

शनिवार, ता. १५. अकरा वाजता गाइल्स मागच्या दाराने आला. मी दाराआड गेलो नाही. पायांनी जाता येत नाही आणि बुटाची गोष्टही कळली होती. मी दिवाणखान्यात माझ्या खुर्चीत बसलो होतो. मला तिथे पाहून तो दचकला. टोपी हातात, किल्ली हातात.

"वकीलसाहेब, आज इकडं?"

"तुझ्याकडून साक्षीची सही हवी होती, ऑरेल."

"करतो की. कुठं करू?" तो टेबलाशी आलासुद्धा. त्याने लेखणीही उचलली. त्या क्षणी दोन शब्द मी गिळले असते तर सगळे माझ्या पहिल्या मनासारखे झाले असते.

"नको करू," मी म्हणालो. "साक्षीदाराला काही मिळत नाही."

"ते प्रिचर्डच्या गाईंपासून पोराटोरांना ठाऊक आहे. पण मला कुठं काय मिळायचंय?"

"हे घड्याळ."

त्याने घड्याळावरून हात फिरवला. मग म्हणाला, "आठवड्याला चार मिनिटं मागं पडतं ते."

"तीस वर्षं तू येतोस आणि अजून मागं पडतं?"

"एका दुपारचं काम आहे. लंबक जरासा आखूड करायचा." त्याने मान खाली घातली. "तुम्ही चिडवायला बोलावलंत, म्हणून पहिल्यांदा आलो. पण तुम्हाला कंटाळा आला असता, तर मला येण्यासाठी कारण लागलं असतं. म्हणून ती चार मिनिटं तशीच ठेवली. खोटं कशाला बोलू."

म्हणजे त्याच्यापुरता माझा संशय खरा होता. छत्तीस वर्षांच्या वकिलीत मी एवढा मोठा खटला अर्धा जिंकलेला नाही. मी डॉर्कसकडे पाहिले. ती त्याच्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होती. माझ्या हातातल्या कागदाचे आता मी काय करतो, हे पाहत होती.

म्हणून शेवटची दोन कलमे, याच वेळी, त्या दोघांसमोर लिहिली:

कलम ६. घड्याळ गाइल्स ऑरेल याचे. परंतु ते जड आहे, हलवल्यास बिघडेल. म्हणून डॉर्कस हयात असेतो ते आहे तिथेच उभे राहील. त्याला किल्ली देण्याचा मालकाला दर शनिवारी हक्क राहील. त्याने पुढच्या दाराने यावे.

कलम ७. दिवाणखान्यातील माझी हातांची खुर्ची गाइल्स ऑरेल याला बसायला द्यावी. लंबक आखूड करायचा की नाही, हे त्याने डॉर्कसला विचारून ठरवावे.

डॉर्कस म्हणाली, "आणा, स्वच्छ नक्कल करून देते." मी दिले नाही. दुसऱ्यांचे कागद मी आयुष्यभर स्वच्छ करून दिले. माझा असाच राहू दे. परंतु खोडलेला कागद कोर्टात टिकायचा तर काय खोडले आणि केव्हा, हे सहीच्या वर नोंदवावे लागते. ते असे:

कलम २ मधील "ती माझी विधवा राहील तोवर" हे शब्द, आणि हंफ्रीकडे मिळकत जाण्याचे वाक्य, सहीपूर्वी माझ्या हाताने खोडले. कलम ४ मधील गाइल्सला साक्षीदार करण्याचा मजकूर सहीपूर्वी खोडला. वाचता येईल असाच खोडला आहे, ज्याला वाचायचे त्याने वाचावा. कलम ६ च्या शेवटी "किल्ली देताना डॉर्कसने त्या खोलीत थांबू नये" असे मी बारीक अक्षरात लिहिले होते, तेही सहीपूर्वी खोडले. त्याला दोन रेघा ओढाव्या लागल्या.

येणेप्रमाणे हे माझे शेवटचे मृत्युपत्र, शुद्धीवर राहून, आणि चौसष्टाव्या वर्षी जेवढे सज्ञान होता आले तेवढे होऊन, केले असे.

एडमंड हॅझलडीन (सही)
केल्व्हर्टन, ता. १५ मार्च १७८८, शनिवार, घड्याळात सव्वाबारा. खरी वेळ चार मिनिटे पुढे.

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या:

१. सायमन लव्हेट, कारकून (सही, अक्षर लागत नसल्यास मला विचारावे)
२. जोब पार्डो, चर्चचा घंटाकरी (सही)
३. हॅना ग्वेन, स्वयंपाकीण (फुलीची निशाणी)

तिसऱ्या जागी आधी लिहून ठेवलेले गाइल्स ऑरेल हे नाव खोडले आहे. तो सही करायला उभा होता. त्याला बसायला सांगितले आहे.